दोनशे बारा वॉशर

ग्रंथालयाच्या दारावर चिकटवलेली नोटीस प्लंबरने पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत स्वतः वाचली. कोणाला विचारलं नाही, कोणी मोठ्याने वाचेल म्हणून आडोशाला थांबून वाट बघितली नाही. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यातली त्याची ही पहिली अख्खी नोटीस. वाचायला अकरा मिनिटं लागली. वाचून झाल्यावर मात्र त्याला वाटलं, ही नेमकी आजच वाचता यायला नको होती.

नोटीस पालिकेची होती. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून या शाखेचं काम परिसरातले स्वयंसेवक पाहतील. सध्याच्या कर्मचाऱ्यांची बदली मुख्य कार्यालयात होईल. कोणाला काही शंका असतील तर त्यांनी रविवारी सकाळी अकरा वाजता वाचनकक्षात यावं. खाली सही, शिक्का.

'स्वयंसेवक' या शब्दाशी तो बराच वेळ झुंजला होता. आधी 'सवय' असं काहीतरी वाचलं आणि नोटीस कुठल्या तरी वाईट सवयीबद्दल आहे असं समजून निश्चिंत झाला. मग परत मागे गेला, अर्धा 'स' सापडला, आणि निश्चिंती गेली.

"काय प्रोफेसर, पाठ करताय की काय?" मागून आवाज आला. निवृत्त पोस्टमन होते. चाळीस वर्षं दारोदार पत्रं वाटून आता ते रोज सकाळी ग्रंथालयात येऊन दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचत बसायचे. "तुमच्यासारख्या माणसाला एवढीशी नोटीस म्हणजे चणे-फुटाणे!"

प्लंबर हसला आणि कपाळावरचा चष्मा उगाचच खाली ओढून परत वर सरकवला.

त्याला सगळे प्रोफेसर म्हणायचे. कानावर पेन्सिल आणि हत्यारांच्या पिशवीत पान्ह्याशेजारी एक पुस्तक, ही त्याची ओळख होती. बेसिनखाली वाकलेल्या माणसाच्या पिशवीतून पुस्तक डोकावतंय हे बघून लोक चाट पडायचे. "आमचा प्लंबर वाचतो बरं का," असं पाहुण्यांना सांगायचे, जणू त्यात त्यांचाच काही वाटा होता. प्रोफेसर हे नाव त्याने कधी नाकारलं नाही. नाकारायचं म्हणजे खुलासा करावा लागला असता, आणि खुलाशाला तर तो जन्मभर टरकून होता.

कारण एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत त्याला वाचता येत नव्हतं. आकडे यायचे. पाइपाचं माप, मीटरचं रीडिंग, टाकीचे लिटर, यात त्याला कोणी फसवू शकलं नसतं. अक्षरांशी मात्र फारकत होती. वडील मोठ्या पाइपलाइनच्या कामावर होते. लाइन पुढे सरकली की बिऱ्हाड पुढे सरकायचं. लहानपणी त्याने सहा शाळा बघितल्या, आणि प्रत्येक शाळेत क, ख, ग, घ एवढं होईपर्यंत वडील दारात उभे. ही चार अक्षरं तो सहा वेळा शिकला. त्या चार अक्षरांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पाचव्याची भेट झाली नाही.

पुढे तो युक्त्या शिकला. "चष्मा विसरलो" ही सगळ्यात जुनी. "तुम्हीच वाचा, तुमच्या तोंडून ऐकलं की डोक्यात बसतं," ही गिऱ्हाइकांसाठी. फॉर्म भरायची वेळ आली की उजव्या हाताच्या बोटाला पट्टी बांधून जायचा. सहीच्या जागी तो स्प्रिंगसारखी एक वेटोळी ओढायचा, इतक्या झोकात, की साहेब लोकांनाही ती आपल्यासारखीच वाटायची.

बायकोला हे लग्नानंतर चौथ्या दिवशी कळलं. पहिल्याच वर्षी कसल्याशा भांडणात ती "अडाणी" म्हणाली. एकदाच. म्हणाली आणि स्वतःच चरकली. त्यानंतर तीस वर्षांत तिने तो शब्द काढला नाही. घरात येणारा प्रत्येक कागद तीच वाचून दाखवायची, तोही असा, की जणू बातमी सांगतेय. स्वतःच्या सख्ख्या बहिणीलाही तिने याचा पत्ता लागू दिला नव्हता. पण तो एक शब्द आत राहिलाच होता. पाइपात खडा अडकला तर पाणी थांबत नाही, वाहतं, फक्त आवाज करत वाहतं. तसं.

पिशवीतल्या पुस्तकाबद्दल त्याने तिला सांगितलं होतं, "गिऱ्हाइकावर छाप पडते." ती पोट धरून हसली होती. "अहो, निदान सरळ तरी धरत जा!"

ग्रंथालयात तो पहिल्यांदा गेला तो नळासाठी. चार वर्षांपूर्वी. काउंटरमागच्या खोलीत बेसिनचा नळ टपटपत होता. ग्रंथालय सांभाळणाऱ्या बाई एकट्याच होत्या. सडपातळ, चष्मा साखळीला, सहा वर्षांच्या पोरालाही "तुम्हाला कुठलं हवंय?" असं विचारणाऱ्या. कोणी कुठलंही पुस्तक काउंटरवर ठेवलं तरी त्यांच्या भुवया हलत नसत. रोगांचं असो, घटस्फोटाच्या कायद्याचं असो, वजन कमी करायचं असो. शिक्का मारायच्या आणि पुस्तक पालथं करून द्यायच्या, नाव खाली.

वॉशर बदलून झाल्यावर त्यांनी एक नोंदवही पुढे केली. तारीख, वेळ, नाव, काम, सही. आतल्या खोलीत बाहेरचा माणूस आला की नोंद झालीच पाहिजे, असा नियम होता आणि बाई नियमाच्या पक्क्या होत्या.

"वाचून सही करा."

"चष्मा विसरलो हो."

बाईंनी त्याच्याकडे क्षणभर बघितलं. मग वही स्वतःकडे फिरवून त्यांनीच वाचलं, "काम, वॉशर बदलला." त्याने झोकात वेटोळी ओढली आणि निघाला.

पुढच्या मंगळवारी फोन आला. "तो नळ जरा परत बघून जाल का? दोन वाजता या. दोन ते तीन काउंटर बंद असतो."

तो धुसफुसतच गेला. त्याने बसवलेला वॉशर आठवड्यात गेला, ही त्याच्या धंद्याची बेअब्रू होती. नळ उघडून बंद केला. तोटीखाली तळहात धरून तो तब्बल पाच मिनिटं उभा राहिला. एक थेंब पडेल तर शपथ.

"नळ ठीक आहे," तो म्हणाला.

"हो, ठीकच आहे," बाई म्हणाल्या. "आणि चष्मा तुमच्या कपाळावर आहे. तेव्हाही होता."

बेसिनशेजारच्या टेबलावर मोठ्या अक्षरांचं एक पुस्तक उघडं पडलेलं होतं. 'घ' च्या पुढचं पान.

तो तडक बाहेर पडला. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर लक्षात आलं, पिशवी आतच राहिली. हत्यारांशिवाय जाणार कुठे? परत आला. बाई त्याच जागी बसून डबा खात होत्या, जणू तो पाणी प्यायला गेला होता. तो पिशवी उचलायला वाकला आणि खुर्चीत बसला. नेमका का बसला, ते त्याला आजही सांगता येत नाही.

नियमाप्रमाणे वही पुढे आली. 'काम' या रकान्यात काय लिहायचं? बाईंचा हात थबकला. वही पालिकेचा कोणीही माणूस येऊन चाळू शकत होता.

"वॉशरच लिहा की," तो म्हणाला. "कोण मोजतंय!"

नोकरीतली पहिली खोटी नोंद बाईंनी सुवाच्य अक्षरात केली.

मग दर मंगळवारी दोन वाजता वॉशर बदलायला सुरुवात झाली. सुटी अक्षरं सहा महिन्यांत बसली. जोडाक्षरांशी गाडी अडली. बाई समजावून थकल्या. एक दिवस तो स्वतःच ओरडला, "अहो, हे तर फिटिंग आहे!" अर्ध्या अक्षराची दांडी कापायची आणि पुढच्या अक्षरात बसवायचं, आटे पाडलेला पाइप सॉकेटात बसवतात तसं. 'स' ची दांडी कापली, 'व' मध्ये घुसवला, 'स्व'. गळती नाही. फक्त 'र' त्याला शेवटपर्यंत वात आणायचा. कधी डोक्यावरून जाणार, कधी पोटाखालून. "याला एक ठरलेली लाइनच नाही," तो चिडून म्हणायचा. "याचं काम करणारा फिटर कोण होता?" त्यावर बाई हसायच्या, आणि त्या हसल्या की त्याला वाटायचं, आज मी शिकलो.

घरी त्याने काही सांगितलं नव्हतं. सांगायचं होतं, पण तोंडाने नाही. एक अख्खं पान, कुठेही न अडखळता, बायकोसमोर बसून वाचायचं आणि मग तिच्याकडे बघायचं, असं त्याने ठरवलं होतं. पान निवडूनही ठेवलं होतं. चार महिने तेच पान चाललं होतं. चौथ्या ओळीपर्यंत मजेत जायचा, आणि पाचव्या ओळीत 'र' दबा धरून बसलेला असायचा.

आणि आता ही नोटीस.

त्या आठवड्यात त्याचं कामात चित्त नव्हतं. एका घरी गरम पाण्याची लाइन थंडाला जोडली. दुसऱ्या घरी पान्हा विसरला, तिसऱ्या घरी जाऊन तो शोधत बसला. जिथे जावं तिथे ग्रंथालयाचाच विषय. कोणी म्हणे चांगलं झालं, दार संध्याकाळीही उघडं राहील. कोणी म्हणे पहिला महिना हौस, दुसऱ्या महिन्यात कुलूप. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या नळाखाली तो वाकला होता, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "प्रोफेसर, स्वयंसेवकांत माझी जाऊही आहे. आता मी कुठलं पुस्तक नेते हे घरी माझ्या आधी पोचणार."

"मग नेऊ नका," तो म्हणाला.

"तेच तर," त्या म्हणाल्या. "नाहीच नेणार."

स्वयंसेवकांची पुढारी होती त्याची मेहुणी. बायकोची थोरली बहीण. सगळे ताई म्हणायचे, तोही. एका कचेरीत तीस वर्षं तपासनीस म्हणून काढून ताई निवृत्त झाल्या होत्या आणि तपासायला काही न उरल्याने घरच्यांच्या नाकी नऊ आणले होते. ग्रंथालय मिळणार म्हटल्यावर त्यांना दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटत होतं. बुधवारी त्या फॉर्म घेऊन घरीच आल्या.

"हा भरा. तुमचं नाव मी पहिलं घातलंय. पुस्तकांची कपाटं तुमच्याकडे. विषयवार लावायची."

"मला कुठे वेळ, ताई..."

"पुस्तक पिशवीत घेऊन हिंडायला वेळ असतो ना? बसा, आत्ता भरा. पाच मिनिटांचं काम."

त्याचा हात आपसूक कपाळाकडे गेला. बायको आतून आली आणि तिने फॉर्म अलगद काढून घेतला. "ताई, त्यांचे हात बघ कसे ग्रीसने माखलेत. मी भरून ठेवते."

नेहमीसारखी सुटका झाली. पण आज त्याला सुटल्यासारखं वाटलं नाही. फॉर्मवरचे पहिले शब्द त्याने बायकोच्या हातातूनच वाचले होते, 'संपूर्ण नाव'. वाचता येत होतं आणि तरी हात कपाळाकडे गेला होता. तीस वर्षांची सवय. की स्वयं, काय ते.

गुरुवारी ताई मोजदादीला ग्रंथालयात गेल्या. खुर्च्या, पंखे, कपाटं, पुस्तकं. आणि वह्या.

दुपारी तो घरी आला तेव्हा बायको वाळलेले कपडे घडी घालत होती. तिने वर बघितलं नाही.

"एक वॉशर किती दिवस टिकतो हो?"

"पाण्यावर असतं," तो हातपाय धुता धुता म्हणाला. "दीड वर्ष. चांगला असला तर दोन."

"आणि चार वर्षांत दोनशे बारा लागतील, असा नळ कुठला असतो?"

टॉवेल त्याच्या हातातच राहिला.

"ताई येऊन गेली. ग्रंथालयाच्या वहीत लिहिलंय. दर मंगळवारी, दुपारी दोन ते तीन. दार बंद असताना. सही तुमची." तिने सदरा उलगडला आणि परत तशीच घडी घातली. "मी ताईला म्हटलं, माझा नवरा दुसऱ्यांदा वॉशर बदलायला जातो ना, तेव्हा त्याला लाज वाटते. दोनशे बारा वेळा जाणार नाही. काहीतरी चुकतंय तुझं. ती म्हणाली, मी तीस वर्षं तपासनीस होते."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? मी नळाबद्दल विचारतेय."

सांगून टाकावं. तोंड उघडलंही. पण पाचवी ओळ अजून येत नव्हती. 'मी शिकतोय' म्हणायचं म्हणजे आधी 'मी अडाणी होतो' म्हणायचं, आणि तो शब्द या घरात तीस वर्षं कोणी उच्चारला नव्हता.

"रविवारी सांगतो," तो म्हणाला.

"रविवारी तर सगळं गाव सांगणार आहे," बायको म्हणाली आणि कपड्यांचा ढीग उचलून आत गेली.

शुक्रवारी तो ग्रंथालयात गेला. मागच्या खोलीत नाही, काउंटरसमोर, रांगेत उभा राहून. हातात कुठलं तरी पुस्तक हवं म्हणून एक उचललं होतं.

"बाई, सांगून टाका त्यांना," तो कुजबुजला. "मी इथे शिकायला येतो म्हणून."

"ते मी सांगायचं नाही." बाईंनी शिक्का मारला.

"अहो, तुमच्या नावावर शिंतोडे उडतील!"

"खोटी नोंद मी केली. त्याची बोलणी मी खाईन. तेवढंच माझं." त्यांनी पुस्तक पालथं केलं. "कोण काय वाचतं, का वाचतं, ते या फळीच्या पलीकडे जात नाही. आजवर गेलं नाही. शेवटच्या आठवड्यात कशाला?"

"मग मी काय करू?"

"ते तुम्ही ठरवा. आणि हे पुस्तक गरोदरपणातल्या काळजीवर आहे. न्यायचं असेल तर माझं काही म्हणणं नाही."

रविवारी वाचनकक्ष गच्च भरला. मासिकांची टेबलं भिंतीला लावली होती. पालिकेचे साहेब मधोमध बसले होते आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. बाई कोपऱ्यात उभ्या. प्लंबर मागच्या रांगेत, पण बसायला जमत नव्हतं. खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहायचा, पुन्हा बसायचा. तीन रांगा पुढे बायकोची पाठ दिसत होती. ती ताठ बसली होती.

शंका सुरू झाल्या. किल्ली कोणाकडे? नवी पुस्तकं कोण निवडणार? मुलांना काही अडलं तर विचारायचं कोणाला? साहेब प्रत्येक प्रश्नावर "नोंद घेतली आहे" म्हणत. शिवणकामवाल्या बाई उठल्या, जावेकडे बघून "काही नाही" म्हणाल्या आणि बसल्या.

पोस्टमनकाका मात्र भडकले. "मी चाळीस वर्षं लोकांची पत्रं वाटली. पाकिटावरून आतलं कळायचं मला. कोणाचं जमलं, कोणाचं मोडलं. एक अक्षर कधी बोललो नाही, कारण तो माझा पगाराचा धंदा होता. हौसेने वाटली असती, तर गल्लीला रोज गोष्ट सांगितली असती! आमचं वाचन आता शेजाऱ्यांच्या हातात देणार तुम्ही?"

"शेजाऱ्यांवर एवढा अविश्वास?" ताई उठल्या. हातात नोंदवही होती. "मला कोणाचं नाव घ्यायचं नाही. पण पगारी माणूस म्हणजे फार सचोटीचा, असं कोणी समजू नये. या वहीत एकाच नळाचे दोनशे बारा वॉशर आहेत. सगळे मंगळवारी. सगळे दार बंद असताना. याचा अर्थ ज्याने त्याने लावावा."

अर्थ लावला गेला. खसखस पिकली. कोणीतरी मागून म्हणालं, "फारच गळका नळ!" दुसरा म्हणाला, "प्रोफेसर, वाचनाचा नाद भलताच हो!" साहेबांनी बाईंकडे बघितलं. "या नोंदी खऱ्या आहेत?"

"पहिली खरी आहे," बाई म्हणाल्या. "बाकीच्या दोनशे अकरा खोट्या. माझ्या हातच्या आहेत."

"मग खरं काम काय होतं?"

"ते मी सांगू शकत नाही."

पुन्हा हशा. बाईंचा चेहरा हलला नाही, पुस्तक घेताना हलायचा नाही तसाच. फक्त चष्म्याची साखळी त्या बोटाभोवती गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

प्लंबर पुढे कसा आला ते त्याला कळलं नाही. ताईंच्या हातातून त्याने वही घेतली. बोलायला शब्द सापडेना. म्हणून तो सरळ बायकोपाशी गेला आणि वही तिच्या मांडीवर ठेवली.

"काम वाचू नकोस. सह्या बघ."

तिने पहिलं पान उघडलं. स्प्रिंगसारखी वेटोळी, एकाखाली एक. पान उलटलं. वेटोळी. आणखी उलटलं. एके जागी वेटोळीऐवजी एक अक्षर होतं, केवढं तरी मोठं, खालच्या दोन ओळींत पसरलेलं, लहान मुलाने भिंतीवर काढावं तसं. त्याच्या नावाचं पहिलं अक्षर. खाली परत वेटोळी, कदाचित त्या दिवशी धीर झाला नव्हता. मग दोन अक्षरं. मग तीन, काना विसरलेला. मग काना नंतर घुसडलेला. पानं उलटत गेली तशी सही लहान झाली, ओळीत बसली, आणि शेवटच्या पानावर संपूर्ण नाव होतं, आडनावासकट, त्यातल्या जोडाक्षरासकट.

तिचं बोट त्या जोडाक्षरावर थांबलं. खूप वेळ.

शेजारी वाकून बघणाऱ्या पोस्टमनकाकांनी चष्मा काढला.

"हे काय लिहिलंय?" बायकोने विचारलं. बोट आता 'काम' या रकान्यावर होतं. आवाज कोरडा होता.

सगळं सभागृह बघत होतं. "वॉ... शर," तो म्हणाला. "ब... दल... ला."

"हे तुम्हाला पाठ असणार. इथे वाचा." तिने वहीच्या पुठ्ठ्यावर छापलेला नियम दाखवला.

तो वाचू लागला. "बा... हेरील... व्य... व्यक्तीने... प्र..." आणि तिथे 'र' आडवा आला. पोटाखालचा. तो थांबला, मागे गेला, परत आला. कोणी हसलं नाही. "प्र... वेश... प्रवेश... करताना... नोंद... क... करावी."

"अहो, म्हणजे पुस्तक खरंच वाचायला नेत होतात?" बायको म्हणाली.

"चौथ्या ओळीपर्यंत."

तिने वही मिटली, पदराने डोळे टिपले आणि मग एकदम त्याच्यावरच उखडली. "आणि मी तीन दिवस त्या बाईंना काय काय म्हणत होते मनात! कोण भरून देणार ते?"

आता त्याला बोलता येत होतं. तो ताईंकडे वळला. रागाने नाही, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "ताई, चार वर्षांपूर्वी काउंटरवर तुम्ही असतात, तर मी त्या खुर्चीत बसलो असतो का?"

ताई तपासनीस होत्या, पण खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी थोडा विचार केला. "बसला नसतात."

"आणि बसलो असतो तर?"

"तर मी संध्याकाळीच हिला फोन केला असता," ताई म्हणाल्या. मग हळू आवाजात, "कौतुकानेच केला असता हो. पण केला असता."

शिवणकामवाल्या बाई आता परत उठल्या. जावेकडे न बघता म्हणाल्या, "साहेब, माझीही तीच शंका आहे. लिहून घ्या."

साहेबांनी या वेळी खरंच लिहून घेतलं. बराच वेळ लिहीत होते. निर्णय आपल्या हातात नाही, वर पाठवतो, म्हणाले. खोट्या नोंदींबद्दल बाईंना लेखी खुलासा द्यावा लागेल, असंही म्हणाले.

वरून उत्तर आलं ते अर्धवट. तीन महिने मुदत. तोवर बाई इथेच, ताई आणि मंडळी संध्याकाळी दार उघडं ठेवतील, पण काउंटरला हात लावणार नाहीत. तीन महिन्यांनी फेरविचार. पोस्टमनकाका म्हणाले, जिंकलो. प्लंबरला तसं वाटलं नाही. नव्वद दिवस म्हणजे तेरा मंगळवार, त्याला आकडे पक्के येत होते. तेरा मंगळवारांत 'र' आटोक्यात येईल का, आणि चौदाव्याला त्या खुर्चीत दुसरं कोणी चोरून बसायला आलं तर त्याच्यासमोर कोण असेल, याचा हिशेब लागत नव्हता. येता-जाता तो दारावरची नवी नोटीस वाचायचा. रोज तीच, रोज परत. मध्येच काही बदललं असलं तर?

पुढच्या मंगळवारी दोन वाजता फोन आला. "प्रोफेसर, जरा या. नळ गळतोय."

तो पुस्तक घेऊन गेला, बसला, निवडलेलं पान उघडलं.

"अहो, पुस्तक काय काढताय?" बाई म्हणाल्या. "नळ गळतोय. खरंच गळतोय. सकाळपासून बादली लावलीय."

त्याने बघितलं. टप. टप. चार वर्षं या नळाशेजारी बसून त्याने तो पुन्हा एकदाही खोलला नव्हता. वॉशरचा पार भुगा झाला होता. पिशवी उपसली, आणि लक्षात आलं, हल्ली पिशवीत पुस्तकंच दोन-दोन असतात, नवा वॉशर एकही नाही. तो दुकानात पळाला, धापा टाकत परत आला, बदलला.

बाईंनी वही पुढे केली. या वेळी पेनही दिलं. "रकाना तुम्हीच भरा."

त्याने लिहिलं, 'वॉशर बदलला.' बघितलं. वर दोनशे अकरा वेळा हेच खोटं लिहिलेलं होतं. यावर कोण विश्वास ठेवणार? तो पेन हातात घेऊन चुळबुळत राहिला. मग पुढे, जागा कमी होती तरी अक्षरं दाटीने बसवत, त्याने लिहिलं, 'खरोखर'.

दोन्ही 'र' सुटे होते. कुठे अडले नाहीत.